बांदोड्याचा रविवारचा वर्ग : जुन्या संगणकांचा इतिहास, हिशेबाच्या वहीतून

फोंड्याजवळ बांदोड्याला एक निवृत्त बाई आपल्या घराच्या माडीवर पहिल्या व्यापारी इलेक्ट्रॉनिक संगणकांच्या इतिहासाचा वर्ग घेतात. पाच रविवार, सकाळी साडेनऊ ते पावणेबारा, शुल्क १,२०० रुपये, विद्यार्थ्यांना निम्मं. एका खेपेला बारा जणांनाच घेतात. पावसाळ्यातली खेप मी केली. या वर्गाबद्दल कुठेच काही लिहिलेलं सापडत नाही आणि तोंडी ऐकून माणसं येतात तेवढीच, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी हिशेबनीस. फोंडा आणि मडगाव भागातल्या बेकऱ्या, खानावळी आणि काही किरकोळ दुकानं यांची खाती लिहितो, जीएसटी भरतो, कामगारांची पगारपत्रकं करतो. संगणकाच्या इतिहासावर आजवर जे वाचनात आलं त्यात तोफांचे गोळे, गुप्त संदेश आणि अणुबॉम्ब हेच जास्त. ते खरंच आहे, पण माझ्या टेबलावरचं यंत्र बॉम्बचं गणित करत नाही, उचल वजा करून हातात किती द्यायचे ते काढतं. हे काम यंत्राकडे कधी, कसं आणि कोणाच्या डोक्यातून आलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी पहिल्याच तासाला सुरुवात केली ती पावापासून.

लंडनला जे. लायन्स अँड कंपनी होती. चहा, केक, पाव, आइस्क्रीम. शहरभर तिची चहाची दुकानं आणि हॅमरस्मिथला कॅडबी हॉल नावाचा मोठा कारखाना. अशा धंद्यात एका पावामागे सुटतं ते जवळजवळ काहीच नाही. जे काही मिळतं ते ढिगावर. आणि ढीग वाढला की त्याच्या नोंदी ठेवणारे कारकून वाढतात. ज्याने एखाद्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वही लिहिलीय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. लायन्सच्या कचेरीचा कारभार जॉन सिमन्स नावाच्या केंब्रिजच्या गणित्याकडे होता. कचेरीतलं काम कसं चालतं आणि कसं चालायला हवं एवढंच पाहणारा विभाग या कंपनीने १९३१ सालीच काढला होता. म्हणजे यंत्र येण्याच्या वीस वर्षं आधी. बाई या १९३१ वर फार जोर देतात आणि मला ते शंभर टक्के पटलं.

१९४७ साली लायन्सचे थॉम्पसन आणि स्टँडिंगफोर्ड हे दोघे अधिकारी अमेरिकेतल्या कचेऱ्या पाहायला गेले. प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितलं की तुमच्याच केंब्रिजला मॉरिस विल्क्स असं यंत्र बांधतायत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. परत येऊन त्यांनी केंब्रिजला पैशाची मदत मिळवून दिली, लेनार्ट्स नावाचा कंपनीचा माणूस तिथे धाडला आणि बदल्यात ते ज्ञान मागून घेतलं. केंब्रिजचं एडसॅक ६ मे १९४९ ला चाललं. लायन्सने मग जॉन पिंकर्टन या अभियंत्याला घेऊन त्याच धर्तीवर आपलं यंत्र उभं केलं. नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. १९५१ च्या सप्टेंबरात त्यावर बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशेब करून पाहिला, आणि नोव्हेंबर संपता संपता तो दर आठवड्याचा नेमाचा झाला. कचेरीचं रोजचं काम नियमितपणे करणारा जगातला पहिला संगणक हा असा भट्टीच्या दारात आला.

हे नुसतं सांगून बाई थांबल्या असत्या तरी मी समाधानी झालो असतो. पण त्यांनी सगळ्यांना एकेक कागद दिला. उभे रकाने: मालाचं नाव, किती केला, मालमसाल्याचा खर्च, किती कुठल्या दुकानाला पाठवला, त्याची किंमत. आडव्या ओळींत पाव, उंडे, पोळी, काकणां हे आमच्याकडचे पावाचे प्रकार. हा हिशेब यंत्राकडून करून घ्यायचा तर कुठली गोष्ट आधी हातात हवी, कुठली दर आठवड्याला बदलते, कुठली महिनाभर तशीच राहते, ते खुणा करून दाखवा. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हे रोज करता, तुम्ही शेवटी बोला." बाकीच्यांची तारांबळ उडाली आणि मीही विचारात पडलो, कारण हे मी करतो ते हाताच्या सवयीने, एकामागून एक पायऱ्या म्हणून ते कधी कागदावर मांडलेलं नव्हतं.

लायन्सच्या डेव्हिड कॅमिनर यांच्या लोकांनी नेमकं हेच केलं होतं. कोण कुठल्या कागदावर काय लिहितो, तो कागद पुढे कोणाकडे जातो, चुकला तर कोणाच्या लक्षात येतो, याचे आराखडे आधी काढले आणि मग यंत्राला सूचना लिहिल्या. बाईंच्या पाचही रविवारांतून मला जे मिळालं ते हेच: हे यंत्र धंद्याच्या उपयोगी पडलं ते कचेरीचं काम आतून जाणणाऱ्या माणसांमुळे. अभियंत्यांची नावं सगळीकडे मिळतात. कॅमिनर किंवा सिमन्स कोण हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारून पाहा.

मेरी कूम्ब्स यांची गोष्टही त्याच सत्रात आली. फ्रेंच आणि इतिहास घेऊन पदवीधर झालेली बाई, लायन्समध्ये साधी कचेरीतली नोकरी करत होती. कंपनीने आतल्याच लोकांतून प्रोग्रॅम लिहिणारे निवडायला एक छोटा अभ्यासक्रम ठेवला, त्यातून १९५२ साली त्या लिओवर आल्या आणि पगाराच्या प्रोग्रॅमवर काम केलं. व्यापारी कामाचे प्रोग्रॅम लिहिणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. हे सांगताना बाईंचा आवाज बदलतो. त्या स्वतः साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईला एका मोठ्या कंपनीत पंच ऑपरेटर, म्हणजे यंत्रासाठी कार्डांना भोकं पाडणारी, म्हणून लागल्या आणि तिथल्या तिथे शिकून प्रोग्रॅम लिहू लागल्या.

पगाराचा आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केलाय. एका कामगाराचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला ८ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद. पण पगार यंत्रावर चढवायला लायन्सने १९५४ साल उजाडू दिलं. त्याचं कारण बाईंनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या कॉलेजच्या पोरांपेक्षा मला ते जास्त भिडलं. बेकरीचा हिशेब एक दिवस उशिरा झाला तर साहेब कुरकुरतो. पगार एक दिवस उशिरा झाला तर काय होतं ते मी सांगायला नको. यंत्रात जवळजवळ सहा हजार व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, त्यातला एक गेला तरी सगळं ठप्प. म्हणून तिथले लोक कामाला लागण्याआधी विजेचा दाब मुद्दाम कमीजास्त करून बघत, म्हणजे जे व्हॉल्व्ह अशक्त झालेत ते आधीच उघडे पडत आणि बदलता येत. यंत्र बंद पडणारच हे गृहीत धरून ते कधी बंद पडायचं हे आपण ठरवायचं. पुढे तर फोर्ड कंपनीच्या डॅगनमच्या कामगारांचे पगारही लायन्सच्या यंत्रावर होऊ लागले.

आता स्मृतीचा खेळ. वर्गातला सगळ्यांत चांगला अर्धा तास हाच. लिओची स्मृती पाऱ्यात होती: सुमारे पाच फुटी नळी, आत पारा, एका टोकाला धक्का दिला की तो आवाजाच्या वेगाने दुसऱ्या टोकाला पोचतो, तिथून उचलून, नीटनेटका करून परत पहिल्या टोकाला. फेरा पुरा व्हायला सेकंदाचा हजारावा भाग. त्या एका फेऱ्यात पाचशेहून जास्त ठोके मावतात. अशा ६४ नळ्या. बाईंनी आम्हा बाराही जणांना माडीवर गोल उभं केलं. ज्याच्या हातात चिंचोका तो १, ज्याचा हात रिकामा तो ०. टाळी वाजली की हातातलं शेजाऱ्याला द्यायचं. बाई स्वतः एका जागी उभ्या. त्यांच्या समोरून जे जाईल तेवढंच त्या वाचणार. मग त्यांनी विचारलं, "या काकांकडून सुरू होणारा आकडा मला हवा आहे, कधी मिळेल?" उत्तर एकच, तो फिरत फिरत त्यांच्यासमोर येईल तेव्हा. मध्येच एकाचा चिंचोका खाली पडला आणि सगळा आकडाच बदलला. बाई म्हणाल्या, "उचलू नका. हेच व्हायचं." यंत्राची ताकद आणि त्याची नाजूक जागा, दोन्ही त्या एका चिंचोक्यात दिसली.

दुसऱ्या रविवारी पहिला कोण हा वाद. त्यावर लोक उगाच भांडतात. बाईंनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: गिऱ्हाइकाच्या हाती आधी कोणाचं पडलं, सरकारी किंवा विद्यापीठाच्या दाराबाहेर कोण आधी पडलं, आणि कचेरीचं रोजचं काम आधी कोणी केलं. फेरांती मार्क १ हे मँचेस्टर विद्यापीठाला १९५१ च्या फेब्रुवारीत पोचलं. अमेरिकेच्या जनगणना खात्याने युनिव्हॅक ताब्यात घेतलं ते ३१ मार्च १९५१ ला. लिओ त्या वर्षाच्या शेवटी. जर्मनीच्या कोनराड झूसे यांचं झेड ४ हे १९५० सालीच झुरिचच्या तंत्रविद्यापीठाला भाड्याने गेलं होतं, पण ते रिलेवर, म्हणजे चुंबकाने उघडझाप होणाऱ्या खटक्यांवर, चालणारं, इलेक्ट्रॉनिक नव्हे. प्रश्न नीट विचारला की प्रत्येकाला आपापली जागा मिळते.

युनिव्हॅकवर सगळे लेख एकच गोष्ट सांगतात, ४ नोव्हेंबर १९५२ च्या रात्रीची. सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल, थोड्याशा मतांवरून यंत्राने आयझेनहॉवरना ४३८ निर्वाचक मतं दिली, लोकांचा विश्वास बसेना, आणि शेवटी आकडा निघाला ४४२. बाईंनी हे पाच मिनिटांत उरकलं आणि उरलेला वेळ कराराला दिला. त्याबद्दल त्यांचे आभार. एकर्ट आणि मॉक्ली या जोडीने युद्धकाळात विद्यापीठात एनिॲक हा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला, १९४६ साली पेटंटच्या वादावरून विद्यापीठ सोडलं आणि स्वतःची कंपनी काढली, युनिव्हॅक तिचंच. गिऱ्हाइकं मिळाली: जनगणना खातं, प्रुडेन्शियल ही विमा कंपनी, नील्सन ही बाजारपाहणीवाली. पण सगळ्यांशी ठरलेल्या किमतीत करार, यंत्र मागे दीड लाख डॉलरच्या आसपास. यंत्र प्रत्यक्षात कितीला पडणार हे कोणालाच माहीत नव्हतं. घोड्यांच्या शर्यतीच्या पैजांची यंत्रं करणाऱ्या अमेरिकन टोटलायझेटर कंपनीचे हॅरी स्ट्राउस पैसा घालत होते, ते १९४९ च्या ऑक्टोबरात विमान अपघातात गेले आणि पैशाचा ओघ आटला. १९५० च्या सुरुवातीला कंपनी रेमिंग्टन रँडला विकावी लागली. नव्या मालकांनी खासगी करार मोडून घेतले. पुढे त्याच यंत्राची किंमत साडेबारा लाख डॉलरच्या वर गेली आणि तरीही एकूण ४६ विकली गेली.

माझ्या ओळखीत घरं बांधणारे, फर्निचर करणारे कितीतरी लोक ठरल्या किमतीच्या करारात असेच बुडालेत. बुद्धिमान माणसं, माल उत्तम, अंदाजपत्रक चुकलं. ही गोष्ट मला निवडणुकीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी वाटते. खासगी कंपन्यांत युनिव्हॅक पहिल्यांदा घेतलं जनरल इलेक्ट्रिकने, लुइव्हिलच्या कारखान्यासाठी, १९५४ साली. आणि त्यावर पहिल्यांदा काय केलं? पगारच.

ग्रेस हॉपर यांचा भाग मात्र घाईत झाला. १९४९ ला त्या एकर्ट-मॉक्लीच्या कंपनीत आल्या, १९५२ ला त्यांचा पहिला कंपायलर (माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम), मग इंग्रजी शब्दांत सूचना देता येतील अशी फ्लो-मॅटिक, आणि त्या वाटेने पुढे कोबोल ही धंद्याच्या कामाची प्रोग्रॅमिंगची भाषा. हे स्वतंत्र सत्राचं प्रकरण आहे. बाईंनी आयुष्यभर कोबोल लिहिलं, त्यांच्याकडून ते अर्ध्या तासात ऐकणं मला पुरेसं वाटलं नाही. त्यांना मी तसं सांगितलंही.

तिसरा रविवार कार्डांचा. या एकट्यासाठी १,२०० रुपये दिले तरी चालतील. बाईंकडे खऱ्या, न वापरलेल्या पंच कार्डांचा एक गठ्ठा आहे. प्रत्येकाला एक मिळतं, घरी न्यायला. सव्वासात इंचांहून थोडं लांब, सव्वातीन इंच रुंद, डाव्या हाताचा वरचा कोपरा कापलेला, म्हणजे गठ्ठ्यात एखादं उलटं गेलं तर बोटाला लगेच लागतं. ८० उभे रकाने, प्रत्येकात १२ जागा. अंकाला एक भोक, अक्षराला दोन: एक वरच्या पट्ट्यात, एक खाली. गोवा हे नाव इंग्रजी अक्षरांत पाडायचं तर जी म्हणजे १२ आणि ७, ओ म्हणजे ११ आणि ६, ए म्हणजे १२ आणि १. यंत्र नव्हतं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि बाईंनी बारीक पोगराने भोकं पाडून दिली. कार्ड खिडकीसमोर धरलं की भोकांतून उजेड येतो आणि रकाना वाचता येतो. बाईंना कार्डावर छापलेलं काही लागत नाही, त्या नुसत्या भोकांवरून नाव वाचतात. आमच्यातल्या एकीने आपल्या आईचं नाव पाडलं होतं, ते बाईंनी लांबून वाचून दाखवलं.

मग वर्गवारी. साठ कार्डं, प्रत्येकावर कामगाराचा तीन आकडी नंबर, गड्डी पिसलेली. लावा म्हटल्यावर सगळ्यांनी आधी शतकाच्या घराचे ढीग केले, मग प्रत्येक ढिगात दशकाचे, आणि टेबलावर जागाच उरली नाही. बाईंनी तीच गड्डी घेतली, आधी एककाच्या घराने दहा ढीग केले, ढीग क्रमाने एकावर एक ठेवले, मग दशकाने, मग शतकाने. तिसऱ्या फेरीला सगळी गड्डी लागलेली. सॉर्टर यंत्र असंच चालायचं, एका वेळी एकच रकाना बघायचं. आयबीएमचं ०८३ मिनिटाला हजार कार्डं टाकायचं. गड्डी लागली की तिच्या वरच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारून ठेवायची. गड्डी हातातून सांडली तर रेघ जुळवत बसायचं, कार्डं आपोआप जागेवर. ही युक्ती बाईंना त्यांच्या पर्यवेक्षकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. असल्या गोष्टी त्या खोलीत काम केलेल्या माणसाकडूनच कळतात.

याच सत्रात पैशाचं एक गणित झालं. लिओला पौंड, शिलिंग, पेन्स मोजायचे होते: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, आणि इंग्लंडात हे १९७१ पर्यंत चाललं. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पण गोव्यात तेव्हा पोर्तुगीज रुपिया होता: १६ तांग्यांचा रुपिया, ६० रेइसांचा तांगा. पुढे १९५८ पासून एस्कुदो, सहा एस्कुदोंना एक रुपिया. बाईंनी फळ्यावर बेरीज टाकली: ७ तांगे ४५ रेइस अधिक ११ तांगे ३० रेइस. आमच्यातल्या साखळीच्या काकांनी, वय ऐंशीच्या घरात, फळ्याकडे न बघता सांगितलं, एक रुपिया, तीन तांगे, पंधरा रेइस. त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. मग बाईंनी विचारलं की हीच बेरीज यंत्राला शिकवायची तर किती सूचना लागतील. रेइसांचा हातचा साठाला, तांग्यांचा सोळाला, प्रत्येक हातच्याची वेगळी तपासणी. काका मनातल्या मनात जे करून गेले ते आम्हाला लिहून काढायला पाठपोट कागद पुरला नाही.

चौथा रविवार आयबीएमचा. ७०१ हे लष्करी गणितासाठी, १९५२ चं, १९ यंत्रं. त्यावर बाई रेंगाळल्या नाहीत. ६५० वर थांबल्या. १९५४ च्या शेवटी ते बाहेर पडलं, जवळजवळ दोन हजार बांधली गेली, भाडं महिन्याला सव्वातीन हजार डॉलरच्या आसपास. स्मृती म्हणजे मिनिटाला १२,५०० फेरे घेणारा चुंबकीय ड्रम. पुढची सूचना ड्रमवर अशा जागी लिहायची की आधीचं काम संपताना ती नेमकी वाचणाऱ्या डोक्याखाली आलेली असेल. नाहीतर फुकटचा एक फेरा.

आणि मग १४०१, बाईंचं स्वतःचं यंत्र. ५ ऑक्टोबर १९५९ ला जाहीर झालं, भाडं २,५०० डॉलरपासून, बारा हजारांहून जास्त बनली. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. पारा गेला, चुंबकीय कड्यांची स्मृती आली. हिशेबनिसाच्या दृष्टीने त्यातली खरी सोय अशी की आकडा कितीही लांब चालतो. ६५० मध्ये प्रत्येक खण दहा आकड्यांचा, त्यात पाच ठेवा नाहीतर दहा. १४०१ मध्ये जिथे खूण केली तिथे आकडा सुरू; तीन आकडी दर आणि बारा आकडी एकूण रक्कम, दोघांना हवी तेवढीच जागा. सोबतचा १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा. बाईंचं ठाम म्हणणं आहे की गिऱ्हाइकांनी १४०१ घेतला तो या प्रिंटरसाठी. मला ते मान्य आहे. माझ्या पक्षकारांना माझं डोकं दिसत नाही, छापलेलं पगारपत्रक दिसतं.

पाचव्या रविवारी भारत, आणि इथे मी गुण कापतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली आलेलं एचईसी-२एम, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेलं आणि १९६० ला पुरं झालेलं टीआयएफआरॅक, १९६३ ला कानपूरच्या आयआयटीत आलेलं आयबीएम १६२०, आयबीएमने मुंबईत डागडुजी करून भाड्याने दिलेली परदेशातली जुनी यंत्रं, आयुर्विमा महामंडळातल्या संगणकाला कर्मचाऱ्यांचा विरोध, ऑटोमेशनवर वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली बसलेली समिती आणि तिचा १९७२ चा अहवाल, १९७८ ला आयबीएमचं भारतातून जाणं. एवढं सगळं सव्वादोन तासांत कोंबलं. कर्मचाऱ्यांच्या विरोधाबद्दल बोलायला सगळ्यांनाच होतं. पोटाचा प्रश्न होता तो. बाईंच्या बरोबरीच्या मुली ज्या हाताने पत्रकं भरत होत्या त्यांचं पुढे काय झालं, हे त्यांनी सांगायला घेतलं आणि घड्याळ बघून थांबल्या. याला दोन रविवार द्यायला हवेत, शुल्क वाढलं तरी चालेल.

आणखी काही उणिवा. टिपणांच्या झेरॉक्स फिक्या आहेत आणि अक्षर फार बारीक. साखळीच्या काकांना भिंग लागलं. माडीचा जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी फोनवर सांगावं, मग बाई खाली बलकांवात, म्हणजे ओसरीवर, बसवतात. पाऊस जोराचा असला की पत्र्यावरच्या आवाजात मागच्या रांगेला ऐकू येत नाही. गाडी घराशी नेऊ नका, रस्ता अरुंद आहे. देवळाकडे ठेवून चालत या. भाषा मराठी, मध्येच कोंकणी, आणि तांत्रिक शब्द जसे रूढ आहेत तसे. मधल्या सुट्टीत चहा आणि भाजी-पाव मिळतो, तो शुल्कातच.

कोणी जाऊ नये तेही सांगतो. ज्यांना आजचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स हवाय, प्रमाणपत्र हवंय, त्यांनी वेळ घालवू नये; बाई प्रमाणपत्र देत नाहीत. संगणक विषय शिकवणाऱ्या उच्च माध्यमिकच्या शिक्षकांनी मात्र जरूर जावं. चिंचोक्यांचा खेळ आणि कार्डांची वर्गवारी या दोन गोष्टी जशाच्या तशा वर्गात घेता येतील, खर्च शून्य. आणि कचेरीत, दुकानात, बँकेत हिशेब लिहिणाऱ्यांनी जावं. माझ्याकडे शिकायला असलेल्या मुलाला मी चवथीनंतरच्या (गणेशचतुर्थीनंतरच्या) खेपेला पाठवतोय, शुल्क माझ्याकडून. पाचपैकी साडेचार तारे देतो. भारताचं सत्र वाढवलं की उरलेला अर्धा. नावनोंदणी तोंडी होते, बारा नावं झाली की बाई पुढच्या खेपेला लिहून घेतात, तेव्हा चवथ संपायच्या आत चौकशी करा.